गर्भवतीच्या दातांची निगा

(नभोवाणीवरील भाषण)



घरातल्या सुनेला दिवस गेल्याचे कळले म्हणजे त्या घराची सारी रीतच पालटते. तिने काय खावे, काय वर्ज्य करावे, पाण्याची घागर उचलावी की नाही, कोणत्या कुशीवर निजावे, हे सांगावयास घरची, माहेरची आणि शेजारचीही मंडळी तत्पर असतात. यांतला कित्येक सल्ला अनुभवाचा असतो आणि त्यामागे मायाही असते. परंतु एक जागा मात्र या चौकशीतून नेमकी सुटते. जे अन्न आईच्या आणि बाळाच्या अंगी लागावयाचे ते ज्या वाटेने आत जाते, त्या तोंडाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. हिरडीतून रक्त येते असे सुनेने सांगितले, तर ‘या दिवसांत येतेच’ म्हणून ते सोडून दिले जाते. दाढ दुखते म्हणाली, तर लवंगेचे तेल पुढे येते आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेले वाक्य येते, ‘आता काही करू नकोस, बाळंतपण होऊन जाऊ दे, मग पाहू.’

आज मला बोलावयाचे आहे ते या वाक्याविषयी. बेळगाव-निपाणीच्या बाजूला दंतवैद्यकी करीत असताना हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे, की त्याचे भले-बुरे परिणाम सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. खरे म्हणजे ‘भले-बुरे’ असे म्हणण्याचेही कारण नाही. भले परिणाम मी पाहिलेले नाहीत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखाना बंद करण्याच्या वेळी एका खेड्यातून एक जीप येऊन थांबली. आत बावीस-तेवीस वर्षांची एक सून, सहावा महिना लागलेला, शेजारी सासूबाई आणि पुढे नवरा. मुलीने पदराने तोंड झाकले होते. पदर बाजूला केला तेव्हा दिसले, की उजव्या बाजूची सूज गालावर न राहता जबड्याखाली उतरून गळ्यापर्यंत गेली आहे. तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढेच उघडत होते. अंगात ताप होता. आणि मला ज्याची सर्वांत धास्ती वाटली ते म्हणजे, तिला स्वतःची लाळ गिळता येत नव्हती. खालच्या एका दाढेला कीड लागून तीन आठवडे झाले होते. पहिल्या आठवड्यात लवंग आणि कापूर झाला, दुसऱ्या आठवड्यात दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या झाल्या, तिसऱ्या आठवड्यात दुखणे आपोआप कमी झाले म्हणून घरात सर्वांना हायसे वाटले. दुखणे कमी झाले याचा अर्थ दाढेच्या आतली नस मेली होती आणि पू मुळाशी साचून खालच्या पोकळ्यांत वाट काढू लागला होता. अशी सूज श्वासनलिकेला दाबून जीव घेऊ शकते.

मी तिला त्याच जीपने शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे शल्यचिकित्सक, भूल देणारे डॉक्टर आणि प्रसूतितज्ज्ञ अशा तिघांना रात्रभर जागावे लागले. गळ्याखाली छेद घेऊन पू काढला, दाढ काढली, शिरेतून औषधे चालू केली. आठ दिवसांनी ती घरी गेली आणि पुढे दिवस पुरे भरून बाळही सुखरूप जन्मले. पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली असती तर अर्ध्या-पाऊण तासाच्या कामात तीच दाढ बहुधा वाचली असती.

त्या सासूबाईंना दोष देण्याचा माझा हेतू नाही. रुग्णालयाच्या ओसरीवर बसून त्या मला म्हणाल्या होत्या, ‘बाई, पोटुशी पोर. सुई टोचायची म्हटलं की जीव घाबरा होतो. बाळाला काही झालं असतं तर?’ ही भीती प्रेमापोटीच आलेली होती. फक्त ती चुकीच्या जागी लागली होती. त्या सुईची भीती धरिली आणि पुवाची धरिली नाही. आणि स्पष्टच सांगावयाचे तर, आमच्या व्यवसायातील काही मंडळीही नसती जबाबदारी नको म्हणून गर्भवतीला ‘नंतर या’ असे सांगून परत पाठवितात. मग घरच्यांनी तरी कोणाकडे पाहावे?

या भीतीच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. पाच बाळंतपणे झालेल्या एका आजीबाई मला हसत हसत म्हणाल्या होत्या, की माझ्या प्रत्येक पोराने जाताना एकेक दात नेला. ही समजूत केवळ आपल्याकडचीच नाही. युरोपातल्या आज्यादेखील मूल आले की दात जातो असे म्हणत आलेल्या आहेत. बाळाच्या हाडांना कॅल्शियम लागते, ते आईच्या दातांतून ओढून घेतले जाते, तेव्हा दात जाणारच, त्याला उपाय नाही, असा हा तर्क. ऐकावयास तो पटण्यासारखा वाटतो. पण तो खरा नाही.

दाताचे बाहेरचे कवच, ज्याला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात, ते शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात रक्तवाहिनी नाही. एकदा ते तयार झाले की त्यातले कॅल्शियम परत रक्तात ओढून घेण्याची सोयच शरीराजवळ नाही. नऊ महिन्यांत बाळाच्या अंगात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम साठते, त्यातले बरेचसे शेवटच्या तीन महिन्यांत. त्यासाठी आईचे आतडे अन्नातून नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक कॅल्शियम शोषून घेऊ लागते, आणि तरीही तूट पडली तर ती हाडांतून भरून काढली जाते. दातांना कोणी हात लावीत नाही. सरकारी दवाखान्यांतून चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या ज्या गोळ्या देतात त्या याच हाडांसाठी, आणि गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका कमी व्हावा म्हणून. त्या अवश्य घ्याव्यात. लोहाच्या गोळीबरोबर मात्र एकाच वेळी घेऊ नयेत, म्हणजे दोन्ही नीट अंगी लागतात. पण कॅल्शियम चालू आहे म्हणजे दातांचे आपोआप भागले, असे कोणी समजू नये. त्या गोळीने किडलेली दाढ बरी होत नाही.

मग आजीबाईंचे पाच दात गेले कोठे? ते बाळांनी नेले नाहीत, ते किडीने आणि हिरड्यांच्या रोगाने नेले. गरोदरपणात या दोन्ही गोष्टींना अनुकूल काळ मिळतो, एवढाच त्या समजुतीतला खरा अंश आहे. आणि हा फरक शब्दांचा नव्हे. बाळ दात नेते असे मानले की मनुष्य हात जोडून बसतो. कीड दात नेते असे कळले की घासणे, धुणे, दाखविणे असे काही करता येते.

आता हिरड्यांचे पाहू. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर दर दिवशी एक मऊ, चिकट, पांढुरका थर बसतो. त्यात असंख्य जंतू असतात. एरवी थोडासा थर राहिला तर हिरडी तो सोसून नेते. परंतु गर्भ राहिल्यावर शरीरात जे स्त्रीरस वाढतात त्यांमुळे हिरडीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात, जंतूंविरुद्ध होणारी प्रतिक्रिया तीव्र होते, आणि तेवढ्याच थराने हिरडी लाल होऊन सुजते, ब्रश लागताच रक्त येते. हॅराल्ड लो आणि जॉन सिल्नेस या दोन संशोधकांनी १९६३ साली याविषयीची आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. हिरड्यांची ही सूज दुसऱ्या महिन्यापासून दिसू लागते, आठव्या महिन्यापर्यंत वाढत जाते आणि नंतर उतरू लागते, असे त्यांना आढळले. अर्ध्याहून अधिक गर्भवतींना हा त्रास थोडाबहुत होतो. काही थोड्या स्त्रियांच्या हिरडीवर दोन दातांच्या मध्ये एखादी लालभडक मऊ गाठही उगवते. ती पाहून कर्करोगाच्या शंकेने घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. ही गाठ बहुधा निरुपद्रवी असते आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप आटते. तरी ती दंतवैद्याला दाखवून खात्री करून घ्यावी हे उत्तम.

या हिरड्यांच्या बाबतीत एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. रक्त आले की बाई त्या जागी घासणे सोडते. घासणे सोडले की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते आणि सूज वाढली की रक्त अधिक येते. जेथे रक्त येते तेथेच मऊ ब्रशाने, हलक्या हाताने, परंतु नेमाने घासावयास हवे. आठ-दहा दिवसांत रक्त कमी झाल्याचे तिला स्वतःलाच दिसेल. न झाल्यास दातांवर कठीण खर साचली आहे असे समजावे. ती ब्रशाने निघत नाही, दंतवैद्याकडे जाऊन काढून घ्यावी लागते. खर काढल्याने दात सैल होतात ही आणखी एक समजूत. वस्तुतः सैल झालेला दात खरीमुळे जागेवर चिकटून असल्याचा भास होतो आणि खर काढल्यावर खरे रूप उघडे पडते.

किडीचे कारण निराळे. पहिल्या तीन-चार महिन्यांत ओकाऱ्या होतात. पोटातले आम्ल वारंवार दातांवर येऊन कवच मऊ पडते. त्यातच पोट रिकामे राहू नये म्हणून थोडे थोडे खाण्याचा सल्ला मिळतो आणि तो योग्यच आहे. पण हे थोडे थोडे म्हणजे बहुधा बिस्किट, चहात बुडविलेला टोस्ट, एखादी गोळी असते. तोंडातले जंतू साखर व पीठ यांपासून आम्ल तयार करतात. प्रत्येक खाण्यानंतर अर्धा-पाऊण तास दात या आम्लात भिजत राहतात, नंतर लाळ हळूहळू त्यांना सावरते. दिवसातून तीनदा खाल्ले तर लाळेला सवड मिळते. दहा वेळा खाल्ले तर मिळत नाही. म्हणून मधल्या खाण्यात भाजलेले चणे, शेंगदाणे, दही-ताक, काकडी, उकडलेले अंडे असे पदार्थ घ्यावेत आणि गोड खावयाचे ते जेवणाबरोबर उरकावे. डोहाळजेवणाच्या दिवशी कोणी पेढ्यांचा हिशेब ठेवू नये. तो एका दिवसाचा प्रश्न आहे. खरा प्रश्न रोजच्या सहा कप गोड चहाचा आहे.

चिंच, कैरी, आवळा यांचे डोहाळे तर आपल्याकडे ठरलेलेच. त्यांना बंदी करण्याचे कारण नाही, पण चिंचेचा बुटूक तासभर तोंडात चघळीत ठेवणे दातांना घातक आहे. खाऊन टाकावे आणि पाण्याने चूळ भरावी. कोणी माती, भाजलेली कौलाची खापरी, पाटीवरची पेन्सिल चोरून खातात. त्याने दात झिजतात हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे असे डोहाळे पुष्कळदा अंगात रक्त कमी असल्याची खूण असतात. मुलीला रागावण्यापेक्षा तिचे रक्त तपासून घ्यावे.

ओकारी झाल्यावर लगेच ब्रश करण्याची अनेकींना सवय असते. तोंडाची कडू चव जावी म्हणून तसे वाटणे साहजिक आहे. पण आम्लाने मऊ झालेले कवच त्या घासण्याने अधिकच झिजते. ओकारीनंतर पेलाभर पाण्यात चहाचा एक चमचा खावयाचा सोडा विरघळवून त्याने चुळा भराव्यात. सोडा नसल्यास साध्या पाण्याने. ब्रश निदान अर्ध्या तासानंतर करावा. ज्यांना ब्रश तोंडात घालताच मळमळते त्यांनी लहान मुलांचा छोटा ब्रश घ्यावा, पेस्ट अगदी थोडी घ्यावी, मान पुढे झुकवावी, आणि सकाळी जमत नसेल तर दुपारी घासावे. वेळेपेक्षा घासले जाणे महत्त्वाचे. रात्री निजण्यापूर्वीचे घासणे मात्र चुकवू नये. फ्लोराइड असलेली साधी पेस्ट गर्भवतीला पूर्णपणे चालते. राखुंडी, विटेची भुकटी, मीठ-कोळसा यांनी दात पांढरे दिसतात ते कवच खरवडले गेल्यामुळे.

आणि मशेरी. या विषयावर मला थोडे थांबावयाचे आहे, कारण निपाणीच्या तंबाखूच्या मळ्यांच्या प्रदेशात राहून तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ही काळी पूड दात घासण्यासाठी म्हणून घरात येते, म्हणून तिला कोणी व्यसन म्हणत नाही. सासू लावते, जाऊ लावते, तीच डबी नव्या सुनेपुढे येते. सकाळी एकदा लावणारी बाई पुढे जेवणानंतर लावू लागते, मग मशेरीवाचून परसाकडे होत नाही, डोके चढते, काम सुचत नाही. तपकीर दातांना लावण्याचेही तसेच. ही तंबाखू हिरडीतून थेट रक्तात जाते आणि रक्तातून बाळापर्यंत पोहोचते. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस पुरे होण्याआधी प्रसूत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळले. आपल्या सुनेच्या पोटातल्या बाळाचे वजन वाढावे म्हणून तूप वाढणाऱ्या हातानेच आपण मशेरीची डबी पुढे करतो, हे कित्येक सासूबाईंच्या ध्यानातच आलेले नसते. ध्यानात आणून दिले तर त्या ऐकतात असा माझा अनुभव आहे. ज्या आजीबाईंच्या पाच दातांची गोष्ट मी सांगितली, त्यांच्या हिरड्या मी पाहिल्या होत्या. त्या मशेरीने काळ्या पडून मुळांपासून सुटलेल्या होत्या.

आता त्या सुईच्या भीतीकडे वळते. गरोदरपणी दातांवर उपचार करता येतात काय? येतात. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली दातांची तपासणी, सफाई, भरणे, मुळाचे उपचार आणि जरूर पडल्यास दात काढणे हे गरोदरपणी सुरक्षित असून ते पुढे ढकलू नये, असा स्पष्ट निर्वाळा दिला. चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ सर्वांत सोयीचा. त्यापूर्वी मळमळ असते आणि नंतर पोटाच्या भाराने खुर्चीवर फार वेळ निजवत नाही, म्हणून. पण ही सोय झाली. वेदना, सूज, पू, ताप यांपैकी काहीही असेल तर महिने मोजीत बसू नये. कोणत्याही महिन्यात त्याच दिवशी दाखवावे.

हिरडी बधिर करण्यासाठी जे लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात ते नेहमीच्या प्रमाणात गर्भवतीला चालते. उलट बधिर न करता वेदना सोसावयास लावणे हेच आईला आणि तिच्या रक्तदाबाला वाईट. क्ष-किरणांचे चित्र काढण्यास बायका फार भितात. दाताच्या चित्राला लागणारे किरण अत्यल्प असतात, त्यांचा झोत जबड्यावर असतो, आणि गर्भाशयापर्यंत पोहोचणारा त्यांचा अंश नगण्य असतो. जरूर नसता ते काढू नये. जरूर असता नाकारू नये. सातव्या महिन्यानंतर खुर्चीत अगदी उताणे निजू नये. गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दाबली जाऊन घेरी येते. उजव्या कुशीखाली छोटी उशी ठेवून थोडे डावीकडे कलले म्हणजे बरे वाटते. हे दंतवैद्याने पाहावयाचे आहे, पण तो विसरल्यास आपण सांगावे. पाऱ्याचे नवे चांदीचे भरण या दिवसांत टाळून दुसऱ्या प्रकारचे भरण करून घ्यावे. जुने भरण असेल तर ते मात्र उकरून काढू नये. दात पांढरे करून घेणे, वेडेवाकडे दात सरळ करणे असली हौसेची कामे बाळंतपणानंतरची.

औषधांविषयी मात्र सावधपणा हवा, आणि गंमत अशी की ज्या घरात दंतवैद्याच्या सुईची भीती असते त्याच घरात दुकानातली गोळी निःशंकपणे घेतली जाते. आयब्युप्रोफेनच्या वर्गातल्या वेदनाशामक गोळ्या पाचव्या महिन्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला आणि भोवतालच्या गर्भजलाला अपाय करू शकतात. तसा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला आहे. टेट्रासायक्लिन या जंतुनाशकाने तर बाळाचे दातच कायमचे पिवळे-तपकिरी होतात, कारण पोटात असतानाच चौथ्या महिन्यापासून त्याच्या दुधाच्या दातांवर कठीण थर चढू लागलेला असतो. वेदनेसाठी साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून, एवढेच घरी ठेवावे. आणि गोळीने दुखणे दबले म्हणून दाखविण्याचे टाळू नये. त्या जीपमधून आलेल्या मुलीची गोष्ट पुन्हा सांगत नाही.

दंतवैद्याकडे जाताना आपल्या तपासणीचे कार्ड बरोबर न्यावे. कितवा महिना, रक्तदाब, साखर, चालू असलेल्या गोळ्या हे सारे सांगावे. रक्त पातळ ठेवण्याचे औषध कोणा-कोणाला चालू असते, तेही सांगावे. केवळ पाळी चुकली असेल आणि खात्री झालेली नसेल तरी ती शंका बोलून दाखवावी. खुर्चीवर बसलेल्या नव्या नवरीला सासऱ्यांसमोर हे सांगण्याचा संकोच होतो. अशा वेळी मी बरोबरच्या पुरुषमंडळींना बाहेर बसावयास सांगते, आणि तसे सांगण्याचा आग्रह आपणही धरावा.

एका गोष्टीविषयी अतिशयोक्ती होऊ नये अशी माझी इच्छा आहे. हिरड्यांच्या रोगामुळे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मते, असे आता पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. १९९६ साली अमेरिकेत या दोहोंचा संबंध दाखविणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून ही चर्चा चालू आहे. परंतु २००६ साली तेथेच ८२३ गर्भवतींवर केलेल्या चाचणीत असे आढळले, की गरोदरपणी हिरड्यांचे उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती लक्षणीय रीतीने कमी झाल्या नाहीत. तेव्हा दात साफ करून घेतले म्हणजे बाळ पुऱ्या दिवसांचे होईलच, अशी हमी मी देऊ शकत नाही. त्याच चाचणीतून दुसरी एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. हे उपचार करून घेतलेल्या बायकांच्या हिरड्या सुधारल्या आणि त्यांना किंवा त्यांच्या बाळांना उपचारांमुळे अपाय झाला नाही. ‘आता काही करू नकोस’ म्हणणाऱ्यांना द्यावयास एवढे उत्तर पुरे आहे.

बाळंतपण झाल्यावर तरी ते ‘मग पाहू’ येते काय? माझा अनुभव असा, की ते सहसा येत नाही. सव्वा महिना बाळंतीण खोलीबाहेर पडत नाही, मग बारसे, मग माहेराहून सासरी जाणे, रात्रीची जागरणे, आणि मग दुसऱ्या खेपेचे दिवस. कित्येक घरांत तर बाळंतिणीने दात घासू नयेत, गार पाण्याची चूळ भरू नये, नाही तर दात हलतात, असा नेम पाळतात. गार पाणी सोसत नसेल तर कोमट घ्या, पण घासणे सोडू नका. त्याच दिवसांत डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, खीर, गुळाचे पदार्थ दिवसातून चार वेळा दिले जातात आणि ते दातांना चिकटून राहतात. जेवणानंतर चघळावयास दिलेल्या बाळंतशेपा नि ओव्याला माझी हरकत नाही. त्याने लाळ सुटते. सुपारी मात्र नको.

आणि ज्या बाळासाठी हे सारे, त्याच्या तोंडात कीड करणारे जंतू येतात ते पुष्कळदा आईच्याच तोंडातून. खीर गरम आहे की काय हे पाहण्यासाठी आई चमचा स्वतःच्या ओठाला लावते आणि तोच बाळाच्या तोंडात घालते. आजी भाकरीचा घास चावून मऊ करून भरविते. खाली पडलेली चोखणी तोंडात घालून ‘स्वच्छ’ केली जाते. आईच्या तोंडात किडलेल्या चार दाढा असतील तर त्या दाढांतले जंतू असे चमच्याचमच्याने पुढच्या पिढीकडे जातात. म्हणून आईच्या दाढा बाळ जन्मण्यापूर्वीच भरून घेतलेल्या बऱ्या. खीर मनगटावर टेकवून पाहावी आणि बाळाचा चमचा निराळा ठेवावा.

२०१६ सालापासून सरकारी रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींच्या तपासणीचा खास दिवस ठेवण्यात आला आहे. तेथे वजन होते, रक्तदाब होतो, पोट पाहतात; तोंड उघडावयास सांगतीलच असे नाही. तेव्हा आपणच होऊन सांगावे, की बाई, हिरडीतून रक्त येते, किंवा ही दाढ ठणकते. मोठ्या रुग्णालयात दंतविभाग असतो, तेथे चिठ्ठी मिळते. दुखत काहीच नसेल तरी चौथा महिना लागल्यावर एकदा दात पाहून घ्यावेत, आणि सुनेबरोबर आलेल्या सासूबाईंनीही त्याच खेपेत खुर्चीवर बसून आपले उरलेले दात दाखवावेत. रांग एकच असते.